राल्फ, जॅक आणि राखणदार नसलेली आग

गिरणाकाठ

माझी पुतणी जळगावला इंग्रजी माध्यमात अकरावीला आहे. तिला विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही १९५४ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी अभ्यासाला आहे. ‘राल्फ आणि जॅक यांच्या नेतृत्वाची तुलना करा’ या प्रश्नाचे तिने लिहिलेले उत्तर सुट्टीत मला वाचायला मिळाले. राल्फ म्हणजे लोकशाही, जॅक म्हणजे हुकूमशाही, पिगी म्हणजे बुद्धी आणि सायमन म्हणजे सद्सद्विवेक, असा त्या उत्तराचा सारांश होता. उत्तर चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. गाईडात तेच छापलेले असते आणि गुणही त्यालाच मिळतात. पण ते वाचताना ही मुले हाडामांसाची आहेत असे वाटत नाही; चौकात चौथऱ्यावर उभ्या केलेल्या आणि खाली नावाची पाटी लावलेल्या पुतळ्यांसारखी वाटतात.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. युद्धाच्या धामधुमीत इंग्रज शाळकरी मुलांना घेऊन जाणारे विमान एका निर्जन बेटावर कोसळते आणि एकही मोठे माणूस मागे उरत नाही. मुले शंख फुंकून सभा भरवतात, प्रमुख निवडतात, जहाजांना धूर दिसावा म्हणून डोंगरावर आग पेटवतात, आणि पुढे कुठल्याशा श्वापदाची भीती व शिकारीची नशा यांत त्यांची टोळी फुटून दोघांचा जीव जातो.

मला अडते ते अगदी पहिल्याच निवडणुकीपाशी. राल्फने निवडून येण्यासाठी काय केले? शंख त्याला दिसला हे खरे, पण तो फुंकतात कसा हे पिगीने सांगितले. आपणच प्रमुख व्हावे असे जॅक उघड म्हणतो आणि त्याची कारणे काय देतो, तर तो शाळेच्या गायकवृंदाचा मुख्य आहे आणि त्याला वरच्या पट्टीतला सूर लागतो! मुले मात्र राल्फला निवडतात. तो शांत बसला होता, अंगापिंडाने भरलेला आणि देखणा होता, आणि शंख त्याच्या मांडीवर होता एवढ्यावरच. त्यात मतदान घ्यावे ही सूचना रॉजरची आहे. पुढे कड्यावरून धोंडा ढकलून पिगीचा जीव घेणारा रॉजर तो हाच. मग राल्फला ‘लोकशाहीवादी नेता’ म्हणणे कितपत योग्य आहे? जाणकारांनी मत द्यावे.

खडूफळा

ताई, प्रश्न नेमका आहे. अंमळनेरला तीस वर्षे इंग्रजी शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की राल्फ निवडून आला त्या घटकेपेक्षा निवडून आल्यानंतरची त्याची पहिली कृती अधिक बोलकी आहे. पडलेल्या जॅकचा चेहरा अपमानाने लाल झालेला पाहून राल्फ त्याला लगेच देऊ करतो की गायकवृंद तुझाच राहील, त्याचे काय करायचे ते तू ठरव. जॅक म्हणतो, शिकारी. यात मनाचा मोठेपणा आहे आणि सर्वांना सांभाळून घेण्याची वृत्तीही आहे. परंतु बेटावर शिस्तीत चालणारी, एकाच्या हुकमाची सवय असलेली तेवढीच एक तुकडी होती. ती प्रतिस्पर्ध्याच्या हाती राल्फने पहिल्याच दिवशी आपणहून दिली.

गोल्डिंग स्वतः सॉल्झबरीच्या शाळेत शिक्षक होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश नौदलात काम केले होते. बॅलंटाइन यांच्या १८५७ सालच्या ‘द कोरल आयलंड’मध्येही राल्फ आणि जॅक याच नावांची मुले बेटावर अडकतात आणि सद्गुणी इंग्रजांसारखी वागतात. गोल्डिंग यांनी ती नावे मुद्दाम उचलली. वर्गात मुले खरोखर कशी वागतात हे रोज पाहणाऱ्या माणसाला ती जुनी गोष्ट पटली नसणार.

तिरपा_प्रश्न

मी जॅकची बाजू घेतो, कारण ती कोणीच घेत नाही. पहिल्या प्रकरणात वेलींत अडकलेल्या डुकराच्या पिल्लावर सुरा उगारून त्याचा हात थबकतो, आणि पुढच्या वेळी असे होणार नाही असे तो स्वतःला बजावतो. म्हणजे तो जन्मजात क्रूर नाही. आग विझू दिल्याबद्दल तो सर्वांसमोर माफी मागतो; पिगीचा चष्मा फोडल्याबद्दल मात्र मागत नाही, आणि हा फरक लेखकाने मुद्दाम ठेवला आहे. चेहऱ्याला माती आणि कोळसा फासल्यावर त्याची लाज गळून पडते. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते, ती ही की जॅक जे कबूल करतो ते संध्याकाळपर्यंत पानात पडते. राल्फचे आश्वासन कधीतरी दिसणाऱ्या जहाजाचे आहे. भुकेल्या पोराला दोहोंतले काय कळेल?

राल्फ स्वतःही त्या मांसाला हात लावतो, हे गाईडवाले का सांगत नाहीत? नाकारायचे असे मनाशी ठरवूनही त्याला नाकारता येत नाही. बेटावरच्या सत्तेचा निकाल मला तिथेच लागलेला दिसतो.

पांझरेचे_पाणी

मी साक्री तालुक्यातला शेतकरी आहे. कादंबरी माझ्या मुलाच्या पुस्तकांत होती, म्हणून उशिरा वाचली. तुमच्या चर्चेत एक गोष्ट राहून जाते आहे असे मला वाटते. ती सांगण्यासाठी थोडे आमच्या नदीकाठचे सांगावे लागेल, पण मी विषय सोडणार नाही.

पांझरेच्या काठी फड पद्धतीचे पाणीवाटप काही शतके चालत आले आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे सलग मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात त्या हंगामात एकच पीक. यातली खरी मेख अशी की शेतकरी आपल्या शेताला आपल्या हाताने पाणी देत नाही. पाणी देतो तो पाटकरी. राखण करतो तो जागल्या. पाटकऱ्याला सर्वांनी मिळून नेमलेले असते आणि त्याचा मोबदलाही सर्वांकडून जातो. पाणी सुटण्याआधी पाटातला गाळ काढायला प्रत्येक घरातून माणूस यावा लागतो, न आल्यास दंड पडतो. माझे आजोबा पंचांत होते, तरी आमच्या उसाचे पान पिवळे पडलेले दिसत असताना ते बांधावर हात मागे बांधून उभे राहत आणि पाटकऱ्याची पाळी येण्याची वाट पाहत. फावडे त्यांच्या मागे पडलेले असे, पण त्यांनी ते उचललेले मी कधी पाहिले नाही.

आता राल्फच्या आगीकडे पाहा. आग सतत धुमसती ठेवायची हा निर्णय सर्वांचा आहे आणि तो शहाणपणाचा आहे. पण ती राखणार कोण? जॅक उत्साहाने पुढे होतो आणि आमचा गायकवृंद आळीपाळीने आग राखील असे सांगतो. शिकारही त्यांनीच करायची आणि आगही त्यांनीच राखायची, अशी ही व्यवस्था राल्फ मान्य करतो. ज्याला शिकारीची ओढ आहे त्याच्याच हाती आग दिली, म्हणजे ज्याचा ऊस वाळतो आहे त्याच्याच हाती पाटाचे दार दिले. डुकराला घेरायला माणूस कमी पडला त्या दिवशी आगीपाशी कोणी उरले नाही, नेमके त्याच दिवशी क्षितिजावरून जहाज गेले. राल्फ संतापतो, आणि तो संताप खरा आहे. पण चूक त्या दिवशी झालेली नव्हती, ती पहिल्याच दिवशी झालेली होती.

म्हणून मला हा प्रश्न लोकशाही विरुद्ध हुकूमशाही असा वाटत नाही. राल्फ ठराव करतो पण पाटकरी नेमत नाही. जॅकला पाटकऱ्याची गरजच नसते, कारण त्याला पाट राखायचा नसून आजचे पाणी उपसायचे आहे.

गिरणाकाठ

आबा, हे माझ्या पुतणीला वाचून दाखवले. तिने लगेच विचारले की मग झोपड्यांचे काय? झोपड्या बांधायचा ठरावही सर्वांचाच होता, तिथे तर शिकारी नव्हते.

खडूफळा

तिचा प्रश्न फार चांगला आहे. झोपड्यांच्या प्रकरणात राल्फ स्वतः राबतो आहे. पहिल्या झोपडीला सगळे आले, दुसरीला चौघे, आणि तिसरी डुगडुगती झोपडी राल्फ आणि सायमन या दोघांनाच बांधावी लागली. बाकीचे पोहायला, फळे खायला, खेळायला निघून गेले. पुढाऱ्याने स्वतः घाम गाळला की लोक आपोआप मागे येतात, असे आपण भाषणांत ऐकतो. कादंबरी तसे घडू देत नाही.

आमच्या गावाच्या संदर्भात मला इथे साने गुरुजी आठवतात. १९२४ ते १९३० या काळात ते अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयाचे कामही पाहत होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, अंथरुणे आवरत, आणि हळूहळू मुलेच लाजून ती कामे करू लागली, असे आमच्या आधीच्या पिढीकडून ऐकत आलो. तेच कष्ट राल्फ करतो आणि मुले लाजत नाहीत. फरक माणसांत आहे, हे सोपे उत्तर झाले. माझ्या मते गुरुजींच्या पाठीशी छात्रालय होते, घंटा होती, जेवणाची वेळ होती, चुकले तर कळवायला घर होते. राल्फच्या पाठीशी फक्त शंख आहे.

मराठीत ‘शंख’ म्हणजे बिनडोक माणूस असाही अर्थ होतो. वर्गात हा धडा घेताना तो अर्थ कोणीतरी हमखास काढीत असे आणि मी त्याला कधी रागावलो नाही.

केळीचे_पान

माझे वडील १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर मुकादम होते. पहाटे कामावर पोहोचले की सर्वांत आधी मस्टर उघडायचे, नावे घ्यायची, मगच हातोडा कोणी उचलायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. पाऊस असो वा कोणी मेलेले असो, मस्टर आधी. लहानपणी मला तो कोरडेपणा वाटे.

या कादंबरीत बेटावर एकूण किती मुले आहेत ते कोणालाच ठाऊक नाही. पिगी पहिल्या दिवशी नावे विचारत फिरतो, पण लहान मुले सैरावैरा पळतात आणि ते काम पुढे कोणी हाती घेत नाही. दुसऱ्याच प्रकरणात आग आवरेनाशी होऊन रान पेटते, आणि चेहऱ्यावर लाल डाग असलेला एक चिमुरडा त्यानंतर कधी दिसत नाही. त्याचे नावही कोणाला सांगता येत नाही. तो गेला की नाही, हेसुद्धा कोणी मोठ्याने म्हणत नाही.

मस्टर नसले की माणूस असा हरवतो.

निंबाची_सावली

मूळची धुळ्याची, सध्या पुण्यात. पिगीबद्दल कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहिते आहे.

मूळ इंग्रजी वाचणाऱ्यांच्या लक्षात येईल की पिगीची भाषा इतर मुलांसारखी नाही. तो व्याकरण चुकवतो, दम्याचा उच्चारही त्याला नीट करता येत नाही, आणि त्याची मावशी मिठाईचे दुकान चालवते. राल्फचे वडील नौदलात अधिकारी आहेत आणि जॅक गायकवृंदाचा मुख्य आहे. पिगी तोंड उघडतो तेव्हा तो कोणत्या घरातून आला आहे ते सर्वांना कळते, आणि मग तो काय बोलला ते ऐकण्याची गरज कोणाला वाटत नाही. शंखाची युक्ती त्याची, आग लागली ती त्याच्या चष्म्याच्या काचेने, डोंगर सोडावा लागल्यावर खाली किनाऱ्यावरच आग पेटवावी हे सुचलेही त्यालाच. तरीही तो प्रमुख होऊ शकतो असा विचार एकाही मुलाच्या मनाला शिवत नाही. राल्फलाही पाचव्या प्रकरणात जाणवते की पिगीसारखा विचार आपल्याला करता येत नाही. पण म्हणून पिगी प्रमुख होण्याजोगा आहे असे त्यालाही वाटत नाही.

मी सहावीत असताना बाईंनी एक प्रश्न विचारला होता. उत्तर मला येत होते. मी उभी राहून घाईघाईत ‘माले माहीत शे’ असे म्हणाले आणि सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या. उत्तर मग शेजारच्या बाकावरच्या मुलीने पुस्तकी मराठीत दिले, तेच उत्तर. मी वर्षभर हात वर केला नाही. अहिराणी ही घरची भाषा आहे एवढेच तेव्हा माहीत होते, ती लपवायची असते हे त्या दिवशी कळले.

म्हणून मला राल्फची सर्वांत मोठी चूक आगीची किंवा झोपड्यांची वाटत नाही. ‘दुसरे काहीही म्हण, पण पिगी म्हणू नकोस’ असे ज्याने विश्वासाने सांगितले, त्याचे तेच नाव राल्फ पहिल्याच सभेत सर्वांसमोर उघड करतो आणि सगळे हसतात. त्या हसण्याने मुले एकत्र येतात, असे लेखक दाखवतो. एकाला वगळून बाकीच्यांची एकी झाली ती जॅकच्या टोळीत नव्हे, राल्फच्या सभेत झाली. पिगीचे खरे नाव शेवटच्या पानापर्यंत आपल्याला कळत नाही.

पांझरेचे_पाणी

ताई, तुमचे वाचून दोन दिवस काही लिहावेसे वाटले नाही. माझ्या पाटकऱ्याच्या दाखल्यात एक खोट आहे ती तुमच्यामुळे दिसली. पाणी कोण देणार हे पंच ठरवत, पण पंचांत कोण बसणार हे कोण ठरवत असे? ज्याला जमीनच नव्हती त्याचा आवाज त्या बैठकीत नव्हता.

तिरपा_प्रश्न

सगळे राल्फच्या चुका मोजत आहात, पण १९६५ साली टोंगातली सहा मुले होडीतून पळाली आणि ‘आटा’ नावाच्या ओसाड बेटावर वर्षाहून अधिक काळ एकटी राहिली. त्यांनी कामाच्या पाळ्या लावल्या, आग विझू दिली नाही, आणि १९६६ मध्ये सर्वच्या सर्व जिवंत परतली. मग गोल्डिंग यांचे म्हणणेच खोटे ठरत नाही का?

खडूफळा

खोटे ठरत नाही, कारण ती सहा मुले एकाच शाळेतली, एकमेकांना ओळखणारी होती आणि आपल्या इच्छेने एकत्र निघाली होती. इथे लहानमोठी, एकमेकांना अनोळखी मुले आहेत आणि त्यांतला एक गट आधीपासून गणवेशात, एका रांगेत चालत येतो. पण तुमच्या दाखल्यातला पाळ्यांचा तपशील मात्र आबांच्या बाजूने जातो.

सभेबद्दल एक मुद्दा राहिला. पाचव्या प्रकरणातली सभा राल्फ तिन्हीसांजेला बोलावतो. करवंट्यांत पाणी भरून ठेवायचे, शौचाला ठरलेल्या खडकांपाशीच जायचे, झोपड्या, आग, असे सर्व विषय तो नीट क्रमाने मांडतो. त्यासाठी त्याने मनात तयारी केलेली आहे. आणि शेवटी, उजेड जात असताना, ‘आता आपण भीतीबद्दल बोलू’ असे तो स्वतःच म्हणतो. अंधारात लहान मुलांसमोर भीतीचा विषय काढल्यावर सभा हातात राहील कशी? जॅक नियमांना धुडकावून ‘आम्ही बलवान आहोत, आम्ही शिकार करतो’ असे ओरडतो आणि मुले नाचत त्याच्यामागे धावतात. पिगी विनवतो, शंख फुंक. राल्फ फुंकत नाही. फुंकला आणि कोणी आलेच नाही, तर सगळे संपेल अशी त्याला भीती आहे.

ज्या अधिकाराची परीक्षा घ्यायला त्याचा धनीच घाबरतो, तो अधिकार किती दिवस टिकणार? तरी गंमत पाहा. पुढे जॅक जाहीर सभेत विचारतो की राल्फ प्रमुख नको असे कोणाला वाटते, तेव्हा एकही हात वर होत नाही. जॅक रडत निघून जातो. मतदानात राल्फ दुसऱ्यांदा जिंकला, आणि त्याच दिवशी मुले एकेक करून कोणाला न सांगता जॅककडे गेली.

केळीचे_पान

हात वर न करणारे आणि पाय काढते घेणारे तेच होते. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत हे प्रत्यक्ष पाहिले आहे, अधिक लिहीत नाही.

निंबाची_सावली

‘चीफ’ या शब्दाला मराठीत काय म्हणावे यावरही विचार व्हावा. राल्फला मी ‘प्रमुख’ म्हणेन, जॅकला ‘म्होरक्या’. जॅकच्या गडावर त्याला नावाने हाक मारणे थांबते. मुले त्याला फक्त पदवीने ओळखू लागतात. विल्फ्रेड नावाच्या मुलाला बांधून ठेवले आहे आणि त्याला मारणार आहेत, का ते ही बातमी सांगणाऱ्या रॉबर्टलाही ठाऊक नाही. ऐकणाऱ्या रॉजरला त्यात वावगे काही वाटत नाही, उलट अशा बेछूट सत्तेत काय काय करता येईल याच विचारात तो गढून जातो. कारण सांगावे लागत नाही, हीच तिथली नवी गोष्ट आहे. राल्फला, तो कितीही चुकला तरी, आगीचे कारण पुन्हापुन्हा सांगावे लागे, आणि शेवटी शेवटी तर ते त्याला स्वतःलाच आठवेनासे होऊन पिगीला ‘सुटका’ हा शब्द सुचवावा लागे.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पुतणीने उत्तर नव्याने लिहायला घेतले आहे आणि तिचे शेवटाबद्दलचे निरीक्षण माझ्या ध्यानात कधी आले नव्हते, म्हणून इथे लिहिते.

राल्फला मारण्यासाठी जॅकने पेटवलेल्या रानाचा धूर पाहून नौदलाचा अधिकारी बेटावर उतरतो. कोणी दगावले तर नाही ना, असे तो हसत विचारतो आणि राल्फ सांगतो, फक्त दोघे. त्यानंतर अधिकारी विचारतो, इथला प्रमुख कोण? राल्फ मोठ्याने म्हणतो, ‘मी.’ जॅक एक पाऊल पुढे येतो आणि थांबतो. पुतणीचे म्हणणे असे की हा क्रम महत्त्वाचा आहे. दोन मृत्यू सांगून झाल्यावर राल्फ प्रमुखपण आपल्याकडे घेतो, आणि त्या दोघांपैकी सायमनला मुलांच्या गर्दीने मारले तेव्हा तोही त्या गर्दीत होता हे त्याला माहीत आहे. मांस वाटताना आणि हुकूम सोडताना पुढे असलेला जॅक नेमका इथे मागे राहतो.

पुढच्याच क्षणी अधिकारी विचारतो, तुम्ही एकूण किती जण आहात ते तुला सांगता येत नाही? राल्फ म्हणतो, नाही. केळीचे_पान भाऊंच्या वडिलांचे मस्टर तिने तिथे घातले होते, पण उत्तर अडीचशे शब्दांत बसवायचे आहे. मस्टर ठेवायचे की पाटकरी, यावर काल रात्री जेवताना आमच्या घरात वाद झाला. तिने पाटकरी ठेवला आहे, आणि परीक्षकांना तो शब्द कळावा म्हणून त्याचा अर्थ समासात लिहिला आहे.